जयंतीचा गोड घास : मात्रा सांभाळा, मुदत पाळा



१४ एप्रिल जवळ आला की वस्तीत वर्गणीची पावतीपुस्तके निघतात, विहाराला रंग लागतो, निळ्या पताका गल्लीभर फडफडू लागतात. मग मंडळाच्या बैठकीत हमखास एक प्रश्न येतो : यंदा गोड काय वाटायचे? कुणी म्हणते बुंदी, कुणी जिलेबी, कुणी म्हणते खीरच बरी, सगळ्यांच्या पोटात दूध जाईल. पुढे महिन्याभरात बुद्धपौर्णिमा. तेव्हा सुजाताच्या आठवणीने घरोघरी खीर होते. ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिन येतो, तेव्हा पुन्हा तोच प्रश्न.

हा प्रश्न आम्ही आरोग्याच्या पानावर का घेतला, ते आधी सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका रुग्णालयात परिचारिका होतो. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एकाच वस्तीतली बारा-तेरा मुले अर्ध्या तासात दाखल झाली. सगळ्यांना उलट्या, पोटात कळा, काहींचे डोळे खोल गेलेले. एका खाटेवर दोन-दोन मुले झोपवून सलाईन लावली. संध्याकाळपर्यंत मुले सावरली, रात्री बहुतेक घरी गेली. जाताना एक आई आमच्यापाशी आली आणि हात धरून म्हणाली, "सिस्टर, खीर मीच ढवळली होती हो. दूध ताजं होतं, तांदूळ निवडून घेतले होते. माझं काय चुकलं?"

तिच्या दुधात काही चुकले नव्हते, तांदळातही नाही. खीर रात्री दहा वाजता उतरवली होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता वाटली होती. मधले चौदा तास ती मोठ्या पातेल्यात, एप्रिलच्या उकाड्यात झाकून ठेवली होती. चूक होती ती एवढीच. पण हे तिला आधी कुणी सांगितले नव्हते, आणि सांगण्याचे काम आम्हा आरोग्यवाल्यांचे होते. म्हणून हा धडा.

गोडालाही औषधासारखे मोजा

रुग्णालयात औषध देताना आम्ही दोन गोष्टी बघतो. किती द्यायचे, म्हणजे मात्रा. आणि कधीपर्यंत वापरायचे, म्हणजे मुदत. गोड पदार्थालाही हेच दोन नियम लागू आहेत.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. विनयपिटकात आजारी भिक्खूंसाठी पाच भेषजे सांगितली आहेत : तूप, लोणी, तेल, मध आणि उसाच्या रसाची काकवी किंवा गूळ. ही भेषजे जवळ ठेवायला परवानगी होती, पण जास्तीत जास्त सात दिवस. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या परंपरेत गोडाला औषधाचा मान आहे आणि सोबत मुदतही आहे.

दुसरी गोष्ट. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना शिळे-उष्टे तुकडे नाकारायला सांगितले. ते ज्यांनी ऐकले आणि पाळले, त्यांची आपण नातवंडे-पतवंडे. मग त्याच बाबासाहेबांच्या जयंतीला आपल्याच मुलांच्या हातावर शिळा घास ठेवायचा नाही, एवढे तरी आपण ठरवू शकतो.

ओले आणि कोरडे

जंतूंना वाढायला तीन गोष्टी लागतात : खाद्य, पाणी आणि ऊब. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधली ऊब त्यांना मानवते. आपला एप्रिल-मे महिना नेमका त्यात बसतो.

तांदळाच्या खिरीत एका जातीच्या जंतूंची बीजे असू शकतात. ती उकळूनही मरत नाहीत. खीर कोमट झाली की ती जागी होतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम करून जात नाही. दुसरे जंतू आपल्या हातावर, नाकात, पिकलेल्या जखमेत असतात. ते पेढे, बासुंदी, खव्याची बर्फी अशा ओलसर पदार्थात वाढतात, आणि त्यांचे विषही उकळीने नाहीसे होत नाही. म्हणून "सकाळी पुन्हा उकळी काढली होती" हे उत्तर पुरेसे नाही. असा पदार्थ खाल्ल्यावर बहुतेक एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

चिक्की, लाह्यांची वडी, दाण्याचा लाडू हे कोरडे पदार्थ. त्यांत पाणी इतके कमी असते की जंतूंना वाढायला वाव मिळत नाही. ते दोन दिवस आधी निवांत करून डब्यात भरता येतात. फ्रीज लागत नाही, वाटायला वाटी-चमचा लागत नाही, आणि मिरवणुकीत हातात देता येतात. म्हणून आमचे सांगणे एकच : घोळक्यात वाटायचे गोड कोरडे असू द्या. ओले गोड करायचेच असेल तर ते त्याच जागी शिजवा आणि गरम असतानाच संपवा.

सुरुवातीची तयारी

*शेंगदाणे* निवडून घ्या. काळपट, आक्रसलेले, बुरशीचा वास येणारे किंवा कडू लागणारे दाणे फेकून द्या. बुरशीचे विष यकृताला घातक असते आणि भाजल्याने ते पुरते जात नाही. स्वस्तात मिळालेले ओलसर दाणे कधीच स्वस्त नसतात.

*गूळ* फार पिवळाधमक घेऊ नका. रंग उजळण्यासाठी त्यात रसायन घातलेले असू शकते. तपकिरी, घट्ट गूळ घ्या. चिक्कीसाठी दुकानात "चिक्कीचा गूळ" म्हणून चिकट गूळ वेगळा मिळतो.

*हात* साबणाने कोपराखालपर्यंत धुवा, नखे कापा, अंगठ्या काढा. ज्याच्या हाताला पिकलेली जखम, गळू किंवा खरूज आहे, ज्याला जुलाब किंवा ताप आहे, त्याने त्या दिवशी लाडू वळायला बसू नये. त्याला पताका बांधायला पाठवा. त्यात कमीपणा नाही.

*माणसे* वाटून घ्या. दरवर्षी त्याच चार बायका चुलीपाशी आणि बाकी सगळे मंडपात, असे नको. दाणे सोलणे, गूळ किसणे, वड्या मोजून डब्यात भरणे ही कामे मंडळातील मुलांना छान जमतात.

पाक : सर्वांत जपायची पायरी

चिक्कीचा पाक दीडशे अंशांच्या आसपास तापतो. उकळते पाणी शंभर अंशांवर असते. शिवाय पाणी अंगावरून ओघळून जाते, पाक मात्र कातडीला चिकटून बसतो आणि खोल भाजतो. आमच्या स्वतःच्या डाव्या मनगटावर असा एक डाग आहे. "जरा चाखून बघू" म्हणून बोट लावायला गेलो आणि कढई कलंडली. तेव्हा नर्सिंगची पदविका हाती होती, तरी व्हायचे ते झाले.

म्हणून पाक चालू असताना पाच नियम पाळा :

१. पाच फुटांच्या आत मूल नको. कडेवर तर मुळीच नको.
२. कढई जड बुडाची आणि स्टोव्ह किंवा चुलीवर घट्ट बसणारी असावी.
३. पदर खोचून घ्या, ओढणी काढून ठेवा.
४. बोट लावून पाक बघू नका. वाटीत गार पाणी घ्या आणि त्यात थेंब टाका.
५. धुण्याच्या पाण्याची भरलेली बादली आणि मग शेजारी ठेवा. भाजलेच तर धावाधाव नको.

पाण्यात टाकलेला थेंब पसरला तर पाक कच्चा आहे. बोटांनी गोळा होऊन मऊ गोळी झाली तर तो लाडूचा पाक. थेंब कडक होऊन कट्कन मोडला तर तो चिक्कीचा पाक. त्यापुढे गेला की रंग काळसर होतो आणि चव कडू लागते.

चार पदार्थ

१. शेंगदाण्याची चिक्की

साहित्य : भाजून सोललेले शेंगदाणे २५० ग्रॅम, चिक्कीचा गूळ २०० ग्रॅम, तूप १ चमचा, पाणी २ चमचे, खायचा सोडा चिमूटभर.

कृती : दाणे मंद आचेवर भाजा, गार करा, साले पाखडून दाण्यांचे दोन-तीन तुकडे होतील असे भरड करा. पोळपाट आणि लाटण्याला तुपाचे बोट आधीच लावून ठेवा, कारण नंतर वेळ मिळत नाही. कढईत उरलेले तूप, किसलेला गूळ आणि पाणी घालून मंद ते मध्यम आचेवर सतत हलवा. थेंब कट्कन मोडू लागला की आच बंद करा, सोडा घाला, लगेच दाणे घालून भराभर कालवा. पोळपाटावर ओतून पातळ लाटा आणि गरम असतानाच सुरीने रेघा मारा. गार झाल्यावर तुकडे सहज सुटतात.

यातून साधारण ४०० ते ४५० ग्रॅम चिक्की होते. चाळीस तुकडे पाडले तर एका तुकड्यात ५ ग्रॅम, म्हणजे एक चमचा गूळ पडतो. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत चिक्की लवकर मऊ पडते. म्हणून पूर्ण गार झाल्याबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. मुदत पंधरा दिवस.

२. राजगिऱ्याच्या लाह्यांची वडी

साहित्य : राजगिऱ्याच्या लाह्या १०० ग्रॅम, गूळ १५० ग्रॅम, तूप १ चमचा, पाणी २ चमचे.

कृती : लाह्या चाळणीने चाळून घ्या, म्हणजे न फुटलेले दाणे आणि बारीक खडे निघतील. गुळाचा पाक मऊ गोळीपर्यंत आणा, आच बंद करून लाह्या कालवा. लाडू वळायचे तर मिश्रण गरमच असावे लागते आणि हात भाजतात. म्हणून आम्ही वडीचा मार्ग सांगतो : तूप लावलेल्या थाळीत ओता, वाटीच्या बुडाने दाबा, कोमट असताना पंचवीस वड्या पाडा.

राजगिऱ्यात कॅल्शियम आणि लोह चांगले असते. वडी हलकी, चावायला सोपी. म्हाताऱ्या माणसांनाही चालते. हाच पदार्थ चुरमुऱ्यांचाही होतो, आणि तो आणखी स्वस्त पडतो. मुदत आठ ते दहा दिवस.

३. दाण्याचे लाडू, बिनपाकाचे

साहित्य : भाजलेले शेंगदाणे २५० ग्रॅम, किसलेला गूळ १५० ग्रॅम, वेलचीपूड पाव चमचा.

कृती : दाणे खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये कुटा. तेल सुटू लागले की गूळ आणि वेलची घालून पुन्हा एकदा फिरवा. स्वच्छ हाताने लिंबाएवढे नव्हे, मोठ्या बोराएवढे लाडू वळा. सव्वीस ते अठ्ठावीस होतात. तूप लागत नाही, विस्तव फक्त दाणे भाजण्यापुरता. शाळकरी मुलांना वळायला बसवायचे तर याच लाडवासाठी बसवा, हात धुतल्यावर. मुदत आठ दिवस.

४. चिंच-गुळाच्या गोळ्या

साहित्य : यंदाची नवी, चिंचोके काढलेली चिंच १०० ग्रॅम, गूळ १०० ग्रॅम, भाजलेल्या जिऱ्याची पूड १ चमचा, काळे मीठ पाव चमचा.

कृती : चिंचेतले चिंचोके, शिरा आणि टरफले नीट काढा. दगडी पाट्यावर किंवा खलात सगळे एकत्र कुटून गोळा करा. चाळीस गोळ्या वळा, पिठीसाखरेत किंवा जिरेपुडीत घोळवा आणि जाळीखाली सावलीत दोन दिवस वाळवा. तांब्या-पितळेचे किंवा अॅल्युमिनियमचे भांडे वापरू नका. चिंचेच्या आंबटाने धातू उतरतो. एका गोळीत गूळ अर्धा चमचाच जातो. मुले दुकानातल्या रंगीत गोळ्या मागतात त्या आंबटगोड चवीसाठी. ती चव इथे घरातच मिळते. मुदत पंधरा दिवस.

प्रत्येक डब्यावर कागद चिकटवून पदार्थाचे नाव आणि केल्याची तारीख लिहा. औषधाच्या बाटलीवर लिहितात तसे.

शंभर जणांना चिक्कीचा एक तुकडा आणि राजगिऱ्याची एक वडी द्यायची असेल तर हिशोब असा : शेंगदाणे ६२५ ग्रॅम, लाह्या ४०० ग्रॅम, गूळ दोन्ही मिळून १,१०० ग्रॅम. म्हणजे सव्वा किलो गूळ आणला की हाताशी थोडा राहतो. पाक एकदम मोठ्या कढईत करू नका. लहान घाणे काढा. पाक मोठा असला की हात कमी पडतात, आणि अपघात तेव्हाच होतो.

खीर करायचीच असेल तर

बुद्धपौर्णिमेला खीर हवीच, हे आम्हालाही मान्य आहे. फक्त हे करा. रात्री शिजवू नका. वंदना संपायच्या अंदाजाने त्याच जागी शिजवा. पातेले आचेवरून उतरल्यापासून तासाभरात वाटप संपवा. एकच मोठे पातेले लावण्यापेक्षा दोन लहान लावा, एक संपले की दुसरे उतरवा. वाढायला लांब दांड्याचा पळा ठेवा, वाटी पातेल्यात बुडवू नका. उरली तर? घरोघरी डबे पाठवू नका, टाकून द्या. टाकताना जीव हळहळतो, आमचाही हळहळतो. पण त्या दिवशीच्या खाटा आठवल्या की हात थांबत नाही.

कुणाला किती

*एक वर्षाच्या आतील बाळ.* मध चाटवू नका, अगदी बोटभरही नाही. मधातल्या एका जंतूने या वयात लुळेपणाचा गंभीर आजार होऊ शकतो. साखर-गुळाचीही या वयात गरज नाही.

*चार वर्षांखालील मूल.* अख्खा शेंगदाणा, चिक्कीचा तुकडा, कडक गोळी देऊ नका. या वयात दाढा पुरत्या आलेल्या नसतात. मूल हसता-पळता खाते आणि दाणा श्वासनळीत जातो. अशा मुलांना दाण्याचा बारीक कुटलेला लाडू कुस्करून किंवा राजगिऱ्याची वडी दुधात भिजवून द्या. खाताना मूल बसलेले असावे. ज्या मुलाला शेंगदाण्याने अंगावर गांधी उठतात किंवा धाप लागते, त्याला दाण्याचा कुठलाच पदार्थ नको.

*मधुमेही.* आमच्या वस्तीतली एक आजी अभिमानाने सांगायची, "सिस्टर, साखर सोडली बघा म्या. आता चहात गूळच टाकते." आजीची साखर तपासली तर चांगलीच वाढलेली. आजी, गूळ आणि साखर दोन्ही उसाचीच लेकरे. रक्तात गेल्यावर दोन्ही साखरच होतात. जयंतीला चिक्कीचा एक लहान तुकडा, तोही जेवणानंतर, आणि त्या दिवशी सरबत बंद, असा हिशोब बहुतेकांना झेपतो. ज्यांची साखर फार वाढलेली आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. गोड खायचे म्हणून गोळी वाढवायची किंवा जेवण टाळायचे, असे कुणीही करू नये.

उलट प्रकारही लक्षात असू द्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतले, सकाळी नीट खाल्ले नाही आणि उन्हात मिरवणुकीत चालले, तर साखर एकदम खाली येते. दरदरून घाम, हात थरथरणे, चिडचिड, बडबड ही तिची लक्षणे. लोकांना वाटते माणूस पिऊन आला आहे. अशा वेळी लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्या आणि दवाखान्यात न्या. इथे चिक्की देऊ नका, तिच्यातल्या दाण्यांच्या तेलाने साखर रक्तात हळू जाते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. गोड औषध कधी होते, ते इथे कळते.

*गरोदर बाई आणि वयात आलेल्या मुली.* "गूळ-शेंगदाणे खा, रक्त वाढेल" हे आपण लहानपणापासून ऐकतो. गुळात थोडे लोह असते, पण रक्त कमी असेल तर ते भरून काढण्याइतके नसते. लाडू खा, पण सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या सोडू नका. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, चहासोबत नको.

*बाकी सगळे.* जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सहा चमचे राहिली तर उत्तम. आता जयंतीचा दिवस मोजून बघा. एका ग्लास सरबतात चार चमचे साखर घातली तर दोन ग्लासांतच आठ चमचे झाले. वर जिलेबी वेगळीच. म्हणून सरबताच्या टेबलावर साधे थंड पाणी आणि मिठाचे ताकही ठेवा.

रंगाविषयी थोडे

अलीकडे जयंतीला निळा केक, निळी बर्फी करायची हौस वाढली आहे. मुलांचा उत्साह आम्हाला समजतो. पण सुट्या पुडीतला रंग नेमका कशाचा आहे हे कुणालाच ठाऊक नसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडू सरकारने कापूसकँडीवर, म्हणजे आपल्या "म्हातारीच्या केसांवर" बंदी घातली. कारण तपासणीत त्यात कापड रंगवायचा रोडामाइन-बी हा रंग सापडला. त्यामुळे सुटा रंग घेऊ नका, आणि कपड्यांची नीळ तर खाण्याजवळही आणू नका. रंग वापरायचाच असेल तर बंद पाकिटातला, अन्न सुरक्षा परवाना क्रमांक छापलेला खाद्यरंग, तोही थेंबभर. गुलाबी हवा तर बिटाचा रस, पिवळा हवा तर हळद. आमचे विचाराल तर निळा रंग झेंड्यात ठेवा, तिथेच तो शोभतो.

काही झालेच तर

*पाकाने भाजले :* भाजलेला भाग लगेच गार पाण्याच्या धारेखाली धरा, वीस मिनिटे. घड्याळ लावून. बांगड्या, अंगठी, घड्याळ सूज यायच्या आधी काढा. चिकटलेला पाक ओढून काढू नका, पाण्याने तो आपोआप सुटतो. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, तेल काही लावू नका. स्वच्छ ओलसर कापड सैलसर झाका. मूल भाजले असेल, चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल, किंवा जखम तळहातापेक्षा मोठी असेल, तर सरळ रुग्णालय.

*घशात अडकले :* मूल खोकत, रडत असेल तर त्याला खोकू द्या. आवाज बंद झाला, ओठ निळे पडू लागले तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा मारा. सुटले नाही तर मागून धरून बेंबीच्या वर मूठ ठेवा आणि आत-वर असे पाच झटके द्या. वर्षाच्या आतील बाळाचे पोट दाबू नका. त्याला हातावर पालथे घेऊन पाच थापा, मग उताणे करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबा. सुटेपर्यंत आलटून-पालटून करत राहा आणि शेजारच्याला १०८ लावायला सांगा. दिसत नसलेल्या वस्तूसाठी घशात बोट घालू नका, ती आणखी आत जाते.

*उलट्या-जुलाब :* एक लिटर पिण्याच्या पाण्यात ओआरएसचे एक पाकीट. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. घोटभर, वारंवार द्या. मूल सुस्त पडले, लघवी बंद झाली, पोटात काहीच टिकत नसेल किंवा शौचात रक्त दिसले तर थांबू नका. आणि एकाच जेवणानंतर दोन-तीन घरांत उलट्या सुरू झाल्या तर लाजून लपवू नका. आशाताईंना लगेच कळवा, म्हणजे बाकीच्यांचे खाणे थांबवता येते.

शेवटी

त्या आईचा प्रश्न आम्ही आजवर विसरलो नाही. तिने माया कमी केली नव्हती, कष्टही कमी केले नव्हते. तिला फक्त एक माहिती कमी मिळाली होती. ती आता तुमच्यापाशी आहे. ती मंडळाच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवा, आणि जयंतीच्या आधीच्या रविवारी विहारात चार-पाच घरे मिळून चिक्कीचा पहिला घाणा काढा. डब्यावर तारीख लिहायला विसरू नका.

तुमच्या-आमच्या मुलांनी जयंतीच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नव्हे, शाळेत असावे. त्यांच्या दप्तरात उरलेला चिक्कीचा एखादा तुकडा असला तर उत्तमच.

जय भीम! नमो बुद्धाय!